मग वर कोण आहे?

ही गोष्ट खरी आहे.

अशा गोष्टी सांगणारा प्रत्येकजण असंच म्हणतो, हे मला माहीत आहे. नसेल पटत तर नका मानू. पण जिच्या बाबतीत हे घडलं ती माझी सख्खी मामी आहे, आणि तिला मी आजवर एकही थाप मारताना पाहिलेलं नाही. चहा पांचट झाला असेल तर ती पाहुण्यांच्या घरीसुद्धा 'पांचट आहे' म्हणते. मामा म्हणतो, अशी बायको असली की घरात आरसा लागत नाही.

मामी कवळ्या बनवते. दातांचे डॉक्टर पेशंटच्या तोंडाचं माप पाठवतात. मामी त्यावरून प्लास्टरचा जबडा ओतते, मेण लावते आणि एकेक दात बसवत जाते. तिच्या खोलीत फळीवर ओळीने जबडे मांडलेले असतात. लहानपणी आम्ही भाचरं तिथे जायला घाबरायचो आणि मामी हसायची. भीती वगैरे तिच्या गावीच नव्हती.

तेव्हा नव्हती.

ती हिवाळ्यातली संध्याकाळ होती. दिवेलागणीची वेळ. मामीच्या माहेरच्या घरात, पुढच्या खोलीत, जिन्याच्या अगदी पायथ्याशी एक लांबट पेटी ठेवली होती. पेटीवर झेंडा अंथरलेला.

पेटीत मामीचे वडील होते.

ते लढाईवर गेले तेव्हा मामीचा जन्मही झाला नव्हता. आणि ज्या दिवशी ते घरी आले, त्या दिवशी मामीचे निम्मे केस पांढरे झाले होते.

मामीचे वडील वैमानिक होते. लढाऊ विमान चालवायचे. लढाईच्या धामधुमीत एका सकाळी त्यांचं विमान उडालं. बर्फाच्या डोंगरांवरून जाताना एकदा त्यांचा आवाज आला, मग खरखर, मग काहीच नाही. खूप शोधलं. लढाई संपली. शोधही संपला. उरला एकच शब्द... बेपत्ता.

मेल्याची बातमी आली असती तर रडून मोकळं होता आलं असतं. बेपत्ता माणसासाठी रडायचं कसं? मामीची आई, जिला आम्ही भाचरंही आजीच म्हणायचो, तेव्हा पोटुशी होती. ना धड बायको, ना धड विधवा. शेजारपाजारचे भेटायला यायचे, काय बोलावं ते कळायचं नाही, पाणी पिऊन निघून जायचे.

घर गल्लीच्या शेवटाला. खाली दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. पुढच्या खोलीतून लाकडी जिना वर जायचा, मध्येच वळण घ्यायचा आणि वरच्या एकुलत्या एका खोलीपाशी संपायचा. ती खोली वडिलांची. एक टेबल, एक खुर्ची, एक कॉट. सुट्टीवर आले की संध्याकाळी ते तिथे बसायचे. खिडकीतून आभाळ बघत. बायको खालून जेवायला हाका मारून थकायची.

मामी काही महिन्यांची होती. आजी तिला मांडीवर घेऊन पुढच्या खोलीत बसली होती. बाहेर अंधारून येत होतं.

आणि वर...

खुर्ची सरकली.

बसायच्या आधी माणूस खुर्ची मागे ओढतो ना, अगदी तशी. लांब. सावकाश.

मग कुणीतरी टेकल्याची करकर.

मग शांतता.

आजी घाबरली नाही. सगळ्यात वाईट तेच झालं, असं मामी आता म्हणते. आजीने छताकडे पाहिलं आणि मांडीवरच्या लेकीला ती म्हणाली, "आले गं बाई हे."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच वेळ, तोच आवाज. तिसऱ्या दिवशी आजीला राहवलं नाही. ती धावत वर गेली आणि तिने दार उघडलं. खोली रिकामी. फक्त खुर्ची टेबलापासून दूर ओढलेली... दाराकडे तोंड करून.

त्यानंतर बरेच दिवस आवाज आला नाही. आजीला वाटलं, हे रुसले. मी दार उघडायला नको होतं. ती वेड्यासारखी झाली. संध्याकाळी दाराबाहेर पायरीवर बसून तिने माफी मागितली, पुन्हा उघडणार नाही म्हणून शब्द दिला.

त्याच संध्याकाळी खुर्ची सरकली.

आजीने शब्द पाळला. ते दार पुन्हा उघडलं नाही.

मामी त्या आवाजाखाली लहानाची मोठी झाली. इतर मुलांना घरात घड्याळाची टिकटिक ऐकू येते, तसा तिला तो आवाज. शाळेत कुणी म्हणालं की तुला वडील नाहीत, तर ती सांगायची, आहेत, वर बसलेत. बाईंनी एकदा आजीला बोलावून घेतलं. आजी म्हणाली, मुलगी खोटं बोलत नाही. बाईंनी पुन्हा विषय काढला नाही.

मामी चित्रं काढायची. घर, झाड, विमान. चित्र पूर्ण झालं की दिवेलागणीआधी जिना चढून जायची आणि कागद दाराच्या फटीतून आत सरकवायची. अर्धा कागद आत जायचा. उरलेला अर्धा...

आतून ओढला जायचा.

ती टाळ्या वाजवत खाली यायची. आवडलं त्यांना, असं आईला सांगायची.

कधीमधी वरून हाकही यायची. मामीचं घरातलं एक लाडाचं नाव होतं. ते नाव मी इथे लिहिणार नाही. पुरुषाचा आवाज, दबका, मायेचा. मामी खालून 'ओ' द्यायची. मग वर पुन्हा शांत. बस, तेवढंच. आपलं पोर घरात आहे ना, हे कुणीतरी चाचपून बघावं तसं.

लग्न होऊन मामी दुसऱ्या भागात राहायला गेली. हाका थांबल्या. खुर्ची थांबली नाही. मामा लग्नानंतर पहिल्यांदा सासुरवाडीला गेला, चहाचा कप तोंडाला लावला, तेवढ्यात वर खुर्ची सरकली. वर कोण असतं, असं त्याने विचारलं. तुमचे सासरे, आजी म्हणाली. मामा अग्निशमन दलात. जळत्या घरात शिरणारा माणूस. पण त्या घरात तो कधी जिना चढला नाही. लोकांना मात्र हसत सांगायचा, "सासरा डोक्यावर बसलेला असतो म्हणतात. माझा खरंच बसलाय."

वर्षं गेली. आजी वाकली. मामीने कितीदा म्हटलं, आमच्याकडे चल. आजीचं उत्तर ठरलेलं. ह्यांना एकटं टाकून कशी येऊ?

आणि मग तो फोन आला.

डोंगरांतली एक हिमनदी वितळत चालली होती. गिर्यारोहकांना तिथे बर्फातून वर आलेला पंख दिसला. मग बाकीचं विमान. सैन्याने उकरून काढलं. आत एक देह होता, बर्फाने जपून ठेवलेला. वस्तूंवरून ओळख पटली होती. मामीचं रक्त मागवून तपासलं, तेही जुळलं. तरी मामीला एकदा डोळ्यांनी पाहायचं होतं. आजीला अजून काही सांगितलं नव्हतं.

लष्करी इस्पितळात एक डॉक्टरबाई होत्या. त्या म्हणाल्या, चेहरा नका पाहू. मामी म्हणाली, मला फक्त दात दाखवा.

त्यांनी दाखवले.

वरच्या दातांमधला उजवा सुळा आडवा वळलेला होता. दुसऱ्या कुणाला ते कळलंही नसतं. मामीला खात्री पटायला तेवढं पुरे होतं. कारण तसाच सुळा तिच्या स्वतःच्या तोंडात आहे. त्यापायी ती पोरवयात तोंडावर हात ठेवून हसायची. आजीचे दात मोत्यासारखे, मग हा सुळा आला कुठून, हे तिला त्या दिवशी समजलं.

"हे माझे बाबा आहेत," ती म्हणाली. आणि जन्मात पहिल्यांदा वडिलांसाठी रडली.

डॉक्टरबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. त्रास झाला नसेल त्यांना, त्या म्हणाल्या. सगळं क्षणात झालं असणार. पट्टे तसेच बांधलेले होते. "त्या सीटवरून ते कधी उठलेच नाहीत."

मामीचं रडणं तिथल्या तिथे थांबलं.

परतीच्या बसमध्ये ती खिडकीपाशी बसली होती आणि ते एकच वाक्य डोक्यात फिरत होतं. कधी उठलेच नाहीत. इतकी वर्षं. एक पाऊलसुद्धा नाही.

ती तशीच आईकडे गेली. संध्याकाळ व्हायची होती. आजी पुढच्या खोलीत शेंगा सोलत बसली होती. मामीने तिच्या शेजारी बसून सगळं सांगितलं. विमान सापडलं. बाबा सापडले. मी स्वतः पाहिलं, दात ओळखले. आई, ते पहिल्या दिवसापासून तिथेच होते, बर्फात, पट्टा बांधून.

मामीला वाटलं होतं, आजी कोसळेल. आजीच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं नाही. हातातली शेंग तशीच राहिली. तिने अगदी हळूहळू मान वर केली... छताकडे.

आणि कुजबुजली.

"मग वर कोण आहे?"

त्याच क्षणी वर खुर्ची सरकली.

रोजची वेळ अजून झाली नव्हती.

त्या दिवसानंतर आजी वरच्याबद्दल बोलताना कधी 'हे' म्हणाली नाही. 'तो' म्हणू लागली. मामीने तिला तेव्हाच घेऊन जायचं ठरवलं होतं. आजी ऐकेना. नवरा आता घरी यायचा होता, आणि तो ह्याच घरातून गेला होता. ह्याच घरात आला पाहिजे. एक दिवस, एकच रात्र. सकाळी सन्मानाने अंत्यसंस्कार. मग तू म्हणशील तिथे येते.

पेटी यायची होती त्या दिवशी सकाळी मामाने वरच्या दाराला बाहेरून कडी घातली आणि कुलूपही लावलं. जिना त्याने डोळे मिटूनच चढल्यासारखा चढला आणि चार-चार पायऱ्या गाळत उतरला.

दुपारी सैन्याची गाडी गल्लीत शिरली. गल्ली अरुंद, पेटी लांब. सहा जवानांनी ती खांद्यावरून आणली. घरात दुसरीकडे जागाच नव्हती, म्हणून दोन बाकं जोडून जिन्याच्या पायथ्याशी ठेवली. माणसं आली, गेली. जुने शेजारी, शाळेतली मुलं, वडिलांसोबत उडालेले एक म्हातारे गृहस्थ. त्यांनी पेटीला सलाम केला आणि हात खाली घ्यायलाच विसरले. आजी पेटीपाशी खुर्ची घेऊन बसली होती. एक हात पेटीवर.

मामीचा सगळा जीव कानांत गोळा झाला होता.

पण वर... काहीच नाही.

दिवे लागले. माणसं पांगली. दोन जवान फाटकाबाहेर पहाऱ्याला उभे राहिले. घरात चौघंच उरले. आजी, मामी, मामा आणि पेटीसोबत आलेला अधिकारी. शांत, मध्यमवयीन माणूस. मामा चहा करायला आत गेला. अधिकारी मामीला डोंगरातल्या बर्फाविषयी काहीतरी सांगत होता.

रोजची वेळ आली.

आणि टळून गेली.

खुर्ची सरकली नाही. मामीने आईकडे पाहिलं. आजीनेही पाहिलं. मामीच्या जिवात जीव आला. संपलं म्हणायचं. खरा आला, खोटा गेला.

आणि वर...

खुर्ची धाडकन पडली.

अधिकारी बोलता बोलता थांबला. वर कोण राहतं, त्याने विचारलं.

"कोणी नाही," आजी म्हणाली.

वर कडी निघाली. कडी बाहेरच्या बाजूला होती. कुलूप बाहेरच्या बाजूला होतं. कुलूप लाकडी जमिनीवर पडल्याचा आवाज तिघांनीही ऐकला.

मग दाराची करकर.

मग... पाऊल.

मामी सांगते, इतक्या वर्षांत तो कधी दाराबाहेर आला नव्हता. आम्ही त्याचं चालणं कधी ऐकलंच नव्हतं. ऐकलं असतं तर तेव्हाच कळलं असतं. कारण माणूस जिना उतरतो तेव्हा एक पाय, मग दुसरा पाय, असा ताल असतो. ह्याला तो ताल नव्हता. आधी काहीतरी टेकायचं. मग मागून बरंच काही ओढलं जायचं.

टेक...

सर्रर्र.

टेक...

सर्रर्र.

अधिकारी उठून जिन्यापाशी गेला. त्याने वर पाहिलं. जिन्याच्या वळणापलीकडे अंधार होता. अलीकडे काहीच दिसत नव्हतं. पण अंधारातल्या फळ्या मात्र एकामागून एक करकरत होत्या. तो तसाच मागे मागे सरकत भिंतीला टेकला. 

वळणावर येऊन ते थांबलं.

आणि हाक आली.

मामीचं लाडाचं नाव. तोच आवाज. दबका, मायेचा. लहान पोराला उचलून घेण्याआधी हात पसरून बोलावतात, तसा.

आजीने मामीचं मनगट पकडलं. "ओ देऊ नकोस."

पुन्हा हाक.

मामीने दात ओठांत रुतवले. तिला भीती वाटत होती, पण ती मला एकदा हळू आवाजात म्हणाली, नुसती भीती नव्हती गं ती. ह्याच आवाजाची हाक ऐकून मी झोपायचे. तापात हाच आवाज वरून हाक मारायचा. पेटीतल्या माणसाला मी एका दातावरून ओळखत होते. आणि ह्याला... जन्मापासून.

तिसरी हाक आली. ह्या वेळी आवाज रडवेला होता.

आणि मामीच्या तोंडून निघून गेलं.

"ओ."

जिन्यावर काहीतरी हललं. आनंदाने हलावं तसं.

आणि त्याच वेळी पुढची खोली गार पडू लागली.

हिवाळ्याचा गारठा वेगळा. हा पेटीतून येत होता. आजीचा हात पेटीवर होता, तो तिने झटका बसल्यासारखा काढला. झेंड्यावर पांढरं दव चढत होतं. तिघांच्या तोंडातून वाफ निघू लागली. अधिकाऱ्याच्या पेल्यातल्या पाण्यावर पातळ पापुद्रा धरला. खोलीत बर्फाचा वास पसरला. मामी म्हणते, बर्फाला वास असतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

मग जिन्याच्या सगळ्यात खालच्या पायरीवर ओल उमटली.

बुटाच्या आकाराची.

मग वरच्या पायरीवर दुसरी. एक पाय, दुसरा पाय. थकलेल्या पण ठाम माणसाची पावलं. वितळत्या बर्फाचं पाणी फळ्यांवरून खाली निथळत होतं. पावलं वळणापाशी गेली...

आणि थांबली.

कुणीच काही बोललं नाही. ना वर, ना खाली. मामीला ती शांतता अजून स्वप्नात येते.

मग वरून एक आवाज निघाला. तो माणसाचाही नव्हता आणि जनावराचाही नव्हता. काहीतरी सरपटत, आपटत जिना उतरलं, पेटीला वळसा घालून, मामीला घासून दाराबाहेर गेलं. तिची ओढणी खांद्यावरून ओढली गेली. दार भिंतीवर आपटलं.

वर, अगदी हळूच, खोलीचं दार लागलं.

मामा चहाचा ट्रे घेऊन आला आणि जिन्याजवळच्या पाण्यावरून घसरून पडला. त्याला विचाराल तर तो आजही सांगतो, मी भूत पाहिलं नाही, पण भुताच्या पाण्यावर कंबर मोडून घेतली. त्याला वाटलं होतं, अधिकारी मामीला हाक मारतोय. मग त्याच्या लक्षात आलं की अधिकाऱ्याला ते नाव माहीत असणं शक्यच नाही.

बाहेरच्या जवानांना काहीच दिसलं नाही. फक्त फाटक आपोआप उघडलं आणि बराच वेळ झुलत राहिलं.

सकाळी अंत्यसंस्कार झाले. बंदुकीच्या फैरी झडल्या. झेंड्याची घडी करून अधिकाऱ्याने आजीच्या हातात दिली. घडी ओली होती. तो निघताना मामाला बाजूला घेऊन म्हणाला की मी अशा बऱ्याच जणांना घरी पोचवलंय, पण ह्या घरात पुन्हा मला पाठवू नका असं वरिष्ठांना सांगणार आहे. कारण नाही सांगणार.

दुपारी उजेडात मामा आणि मामी वरच्या खोलीत गेले. खुर्ची पडलेली. मामीने लहानपणी सरकवलेल्या चित्रांपैकी एकही तिथे नव्हतं. फळ्यांवर मात्र, खुर्ची जिथे असायची तिथे, दोन खळगे पडले होते. वर्षानुवर्षं एकाच जागी पाय टेकून बसल्यावर लाकूड झिजतं, तसे. मामा वाकून बघत राहिला.

खुर्चीचं तोंड दाराकडे असायचं.

खळग्यांच्या टाचाही दाराकडेच होत्या.

मामाने मामीचा हात धरला आणि दोघं खाली आले.

आता आजीला न्यायला हरकत नव्हती. पण आजी पुन्हा अडून बसली. ह्या वेळी हसून. मामी आठवड्यातून एकदा जायची, तेव्हा आजी जिन्याच्या खालच्या पायरीवर बसलेली असायची. वर तोंड करून बोलत. पूर्वी ती वरच्याशी बोलायची तेव्हा रोजच्या घडामोडी सांगायची, ज्याला सगळं ठाऊक आहे अशा माणसाला सांगतात तशा. आता ती अगदी पहिल्यापासून सांगत होती. लढाई कधी थांबली. शेजारचे कुठे गेले. रस्ता कधी रुंद झाला. लांबच्या प्रवासाहून आलेल्या माणसाला सांगावं तसं, दमादमाने.

एकदा मामीने धीर करून विचारलं, हे बाबाच आहेत कशावरून?

"पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं," आजी म्हणाली, "मुलगा झाला की मुलगी."

 मामी जिन्याकडे बघत उभी राहिली. वर शांत होतं. पण ती शांतता, ती म्हणते, चांगली होती.

निघताना तिने चपला घालता घालता विचारलं, आणि तो? तो गेला ना?

आजी उठून जवळ आली. लेकीच्या गालावरून हात फिरवला.

"तू ओ दिलीस ना, बाळा."

पुढच्या वर्षी आजी झोपेतच गेली. चेहरा समाधानी होता. त्या घराला कुलूप आहे. शेजारी म्हणतात, तिथून कधी कसला आवाज येत नाही.

हे सगळं मामीने मला तिच्या कामाच्या खोलीत बसून सांगितलं. भरदुपारी. टेबलावर मेणाच्या पट्ट्या होत्या, फळीवर जबडे. सांगून झाल्यावर तिने खण उघडला आणि कापसात गुंडाळलेला मेणाचा एक तुकडा माझ्यापुढे ठेवला. आई गेली त्या आठवड्यात एका सकाळी टेबलावर सापडला, ती म्हणाली. खोली बंद होती. मामा परगावी होता.

मेणावर चावल्याच्या खुणा होत्या. लहान मुलं गमतीने चावून बघतात ना, तशा.

मी म्हटलं, उंदीर असेल.

मामीने मान हलवली. दातांच्या बाबतीत तिला फसवणं कठीण. माणसाचेच आहेत, ती म्हणाली. आकार, ठेवण, सगळं माणसाचं. तिने बोट एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश फिरवलं. "फक्त... जास्त आहेत."

तेव्हापासून असे बरेच तुकडे सापडले. ती ते फेकत नाही. का, ते मी विचारलं नाही.

ही गोष्ट लिहू का, असं मी विचारलं तेव्हा तिने तो तुकडा पुन्हा कापसात गुंडाळून खणात ठेवला. मग लिही म्हणाली. मला दारापर्यंत सोडायला आली. तिथे तिने एकदा खांद्यावरून मागे, त्या रिकाम्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"एक कर. वरच्याला कुठेही 'बाबा' म्हणू नकोस. आईने त्याला आमचं माणूस समजून हाक दिली, म्हणून तो राहिला. कुणाचं तरी व्हायला तो टपलेलाच असतो."

मी हे सगळं पुन्हा पुन्हा वाचून पाहिलंय. नाही म्हटलेलं कुठे.

निदान मी तरी नाही. मी निघाले तेव्हा मामीने दार लावून घेतलं. मी दोन पायऱ्या उतरले असेन. आतून पुरुषाच्या आवाजात हाक आली. दबकी, मायेची.

आणि मामीने ओ दिली.